नेत्रशिबिरातला गुप्तहेर

लग्न होऊन पेडगावला आले तेव्हा सासऱ्यांसमोर मोठ्यानं बोलायचं नाही, हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. डोक्यावर पदर, चहा ठेवायचा आणि मागं सरायचं. त्यांना मी मामा म्हणायची, पण तसं म्हणायची वेळही क्वचित यायची. ते कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतलं, म्हणून कपाटात उर्दू जासूसी कादंबऱ्यांची थप्पी होती. मीही माहेरी, परभणीला, वाचनालयातून मराठी रहस्यकथा आणून वाचायची. त्यांचं वाचन मला ठाऊक होतं, माझं त्यांना नव्हतं.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. हिवाळ्यात परभणीच्या एका शाळेत नेत्रशिबीर भरलं. नवऱ्याला रजा नव्हती, सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून मामांजवळ मी राहिले. वर्गातले बाक बाहेर काढून भिंतीकडेनं गाद्या टाकल्या होत्या. ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, आणि हलायचं नाही अशी ताकीद. दुसऱ्या दुपारी मामा एकदम म्हणाले, "सूनबाई, काय वाचायलीस? पानं वाजायलेत."

"गोष्टीचं पुस्तक."

"कसली गोष्ट?"

"खुनाची," मी म्हणाले.

"वाच की मग. हळू नको, कान बी म्हातारे झालेत."

मी वाचायला लागले. मुंबईतल्या एका बंगल्यात, आतून कडी लावलेल्या खोलीत एक श्रीमंत गृहस्थ मरून पडलेला असतो, आणि लांब कोट घातलेला गुप्तहेर तिथं येतो.

"कोट कशाला घालायलाय ह्यो?" शेजारच्या गादीवरचे पोखर्णीचे शेतकरी बाबा म्हणाले. "मुंबईला थंडी असती का?"

ते ऐकतायत हे मला माहीतच नव्हतं. तेवढ्यात दाराकडून आवाज आला, "जरा मोठ्यानं, बाई." मी मान वर केली. सगळी खोली डोळे बांधलेली, तोंडं छताकडं, आणि सगळे कान माझ्याकडं.

गुप्तहेरानं जमिनीवरचं एक बटण उचलून खिशात घातलं, तेव्हा मामा चिडले. "पंचनामा कुठंय? दोन पंच तरी बोलवायचे. असला सबूत कोर्टात टिकत नसतो. मुलजिम पहिल्याच तारखेला सुटतो." मला वाटलं आता पुरे म्हणतील. मी थांबले, तर म्हणाले, "थांबलीस का?"

बाबांचा संशय गोष्टीतल्या डॉक्टरवर होता. "सुई त्याच्याच हातात असती. त्यानंच मारला." नेमके तेव्हा शिबिराचे डॉक्टर औषध घालायला आत आले. मी पुस्तक मिटलं. बाबांची पट्टी उचलत डॉक्टरांनी विचारलं, "कोणी मारला, बाबा?"

"गोष्टीतल्या डॉक्टरनं, साहेब," बाबा बारीक आवाजात म्हणाले.

डॉक्टर हसले. "मग निकाल लागेपर्यंत थांबा."

पण बाबांना दुसऱ्या दिवशी पट्टी काढून घरी जायचं होतं. "शेवट तेवढा सांगून टाक, बाई," ते अजिजीनं म्हणाले. मी शेवटचं पान काढून सांगणारही होते. मामांनी अडवलं. "तफ्तीश, तपास पुरा झाल्याबिगर कुणाचं नाव घ्यायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर बंद झालं. एसटी थांबली, डॉक्टरांची गाडीही आली नाही. बाबांचा मुलगा न्यायला येऊ शकला नाही. बाहेर रस्त्यावर शुकशुकाट होता. खोलीत मात्र बोलणं सुरू झालं. नामांतर व्हावं म्हणणारे होते, नको म्हणणारेही होते, आणि रात्रंदिवस एकमेकांच्या शेजारी पडलेल्या माणसांचे आवाज चढत गेले. कुणीतरी उठून बसलं. मला भीती वाटली.

"सूनबाई," मामा म्हणाले, "वाच."

मी वाचू लागले. दोन-तीन वाक्यं माझी मलाच ऐकू आली नाहीत. मग एकेक आवाज खाली आला. बसलेला माणूस परत आडवा झाला. त्या दुपारी मी पुस्तक संपवलं. खुनी वकील निघाला.

"डॉक्टर न्हाई?" बाबा म्हणाले. त्यांना ते पटलं नव्हतं.

बंद उठला आणि पट्ट्या सुटल्या. बाबा डोळे किलकिले करून सगळीकडं बघत होते. "वाचणारी बाई कोणती?" मी पुढं झाले. ते बघतच राहिले. "एवढीशी पोरगी व्हय? मला वाटलं लय मोठी मास्तरीण असंल." मामाही माझ्याकडं बघत होते.

महिन्याभरानं मामांना जाड भिंगांचा चष्मा मिळाला. एका दुपारी बैठकीतून त्यांनी हाक मारली. हातात उर्दू कादंबरी होती. समोरच्या सतरंजीकडं बोट दाखवून म्हणाले, "बस. ही तुला वाचता यायची न्हाई. मी सांगतो." एकेक वाक्य वाचून ते मराठीत सांगायचे, मी मध्येच प्रश्न विचारायची. सासऱ्यासमोर सुनेचा आवाज चाललेला ऐकून सासूबाई ओले हात पुसत दारात आल्या. माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं. मी उठायला लागले.

सासूबाई उंबऱ्यावर टेकल्या, गुडघा सरळ केला आणि म्हणाल्या, "कोण मेलं?"

मामांनी पान मागं उलटलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.