यादीबाई ओढ्यावर गेल्या तो बुधवार

पर्यावरण तपासणीच्या त्या कार्यालयात बाईंना सगळे यादीबाई म्हणत. त्यांचं सरकारी पदनाव इतकं लांबलचक होतं, की पाटी रंगवणाऱ्याला ते पुरं लिहिता आलं नव्हतं. 'वार्षिक तपासणी नियो' इथेच पाटी संपली होती. त्या अर्ध्या पाटीआड बसून बाई एकोणीस वर्षं एकच काम करत होत्या. यंदा तपासनिसांनी कोणाकोणाच्या दारात जायचं, ते ठरवायचं.

काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. कार्यालयाच्या हद्दीत सहाशे बारा कारखाने होते आणि गोठे, कोंबड्यांची शेडं, डुकरांचे वाडे मिळून नऊशेच्या वर. तपासनीस मात्र अकरा, आणि त्यातला एक कायम पाठदुखीच्या रजेवर. सगळीकडे दरवर्षी जायचं म्हटलं तर अकरा जणांना झोपायलाही वेळ उरला नसता. म्हणून बाई प्रत्येक ठिकाणाला गुण देत. शाळेच्या नेमकं उलट, इथे गुण जास्त म्हणजे लक्षण वाईट. काय बनवता, काय बाहेर सोडता, ओढा-नदी किती जवळ, मागच्या खेपेला काय सापडलं, शेजारपाजारचे किती वेळा ओरडले. भरपूर गुणवाल्यांकडे वर्षातून एकदा, मधल्यांकडे तीन वर्षांनी, गुणी बाळांकडे पाच वर्षांनी. शिवाय दर दहा भेटींतली एक अजिबात न कळवता. त्या भेटींचा कागद बाई कुलपात ठेवत आणि घरीसुद्धा त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, दुकानात नाना तऱ्हेची माणसं यायची. त्याने सहज काही विचारलं की बाई लगेच दुधाचा किंवा इस्त्रीच्या कपड्यांचा विषय काढत.

सहाशे बारा कारखान्यांच्या धुराड्यांची उंची बाईंना तोंडपाठ होती. त्यातलं एकही धुराडं त्यांनी पाहिलेलं नव्हतं. कधीतरी आपणही जीपमध्ये बसून जावं असं त्यांना फार वाटे. एकदा धीर करून त्यांनी मोठ्या साहेबांना तसं विचारलंही होतं. साहेब म्हणाले होते की यादी करणाऱ्याने यादी करावी, आणि पुन्हा सहीत डोकं घातलं होतं.

हे सगळं हललं ते बाईंच्या धाकट्या नणंदेच्या बदकांमुळे.

नणंद शहराच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी राहायची. तिच्याकडे चौदा पांढरीशुभ्र बदकं होती आणि त्यांच्यावर तिचा पोटच्या पोरांइतका जीव होता. त्या वर्षी ओढ्याला घाण वास यायला लागला. बदकं पाण्यात उतरेनात. काठावर रांगेने उभी राहून पाण्याकडे नुसती बघत बसत. नणंदेने फोन केला तो घरी नाही, थेट कार्यालयात. "वहिनी, मी तुमची नणंद म्हणून बोलत नाहीये. नागरिक म्हणून बोलतेय." बाईंनी नागरिकाची तक्रार रीतसर वहीत नोंदवली. नंतर आणखी सहा नोंदवल्या.

वरच्या अंगाला स्टार्चचा एक मोठा कारखाना होता. तक्रार आली की कारखान्यांचे एक तपासनीस तिकडे जात. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना धूरसाहेब म्हणत. अंगाने उंच, सडपातळ, बोलणं वरवर जाणारं. ते चार वेळा गेले, चार वेळा बाटल्या भरून आणल्या, आणि चारही वेळा पाणी स्वच्छ निघालं. कारखान्याचा मालक इतका वैतागला, की त्याने गेटपाशी तपासनिसांसाठी कायमची एक खुर्चीच टाकली.

एका सुस्त दुपारी बाईंनी कारखान्यांचा नकाशा काढला. तो निळ्या कपाटात असे. ओढा त्यावर रस्त्यापर्यंत होता, पुढे नव्हता. मग त्यांनी तपकिरी कपाटातला गोठ्यांचा नकाशा काढला. तो बरोबर रस्त्यापासून सुरू होत होता. एकोणीस वर्षांत हे दोन कागद कोणी शेजारी ठेवलेच नव्हते. बाईंनी ते खिडकीच्या काचेला चिकटवले आणि बघतच राहिल्या. कारखान्याच्या भिंतीपलीकडे, रस्ता ओलांडला की लगेच, एक गोठा होता. चाळीस गाई, गुण अगदी कमी, पुढची तपासणी दोन वर्षांनी. कारखान्याला जाणारा माणूस गोठ्यात डोकावत नव्हता, कारण गोठा त्याच्या कपाटात नव्हता. गोठ्याचा माणूस तर अजून दोन वर्षं तिकडे फिरकणारच नव्हता.

बाईंनी लिहून दिलं की दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी, न कळवता, दोन्ही तपासनिसांनी जावं. मोठ्या साहेबांनी कपाळाला हात लावला. कारण गोठ्यांचे तपासनीस, म्हणजे शेणसाहेब, आणि धूरसाहेब यांचं सहा वर्षांपासून बोलणं बंद होतं. शेणसाहेबांनी एकदा जीपमध्ये आपले शेणाने भरलेले गमबूट धूरसाहेबांच्या कोऱ्या बॅगेवर ठेवले होते, एवढंच निमित्त. साहेबांनी बराच विचार केला आणि शेवटी म्हणाले, "ठीक आहे. पण तुम्हीही जा. मध्ये बसा."

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या त्या जवळजवळ उड्या मारतच. नवऱ्याने विचारलं काय झालं. उद्या मी तपासणीला जाणार आहे, म्हणाल्या. कुठे, तर ते सांगता येत नाही. नवरा खुर्चीतून उठला, त्याने बाईंचा चष्मा मागून घेतला, दांड्यांचे स्क्रू घट्ट केले, काचा दोनदा पुसल्या आणि परत दिला. "नीट बघून ये सगळं," एवढंच म्हणाला.

बुधवारी कार्यालयातून बाईंना गमबूट मिळाले ते त्यांच्या पायाला तीन नंबर मोठे. चालल्या की पाय आधी पुढे जायचा, बूट मागून विचार करून यायचा. जीपमध्ये डावीकडे धूरसाहेब, उजवीकडे शेणसाहेब, मध्ये बाई. धूरसाहेब समोर बघत म्हणाले की बाई, त्यांना सांगा, काच खाली करा. बाईंनी फूटभर अंतरावरच्या शेणसाहेबांना सांगितलं. शेणसाहेब म्हणाले, बाई, त्यांना सांगा, धूळ येते. बाईंनी तेही पोचवलं. त्यांना या कामातही मजा येत होती. आणि बाहेर तर एकेक कारखाना असा दिसत होता, जणू वर्षानुवर्षं फक्त पत्रातून माहीत असलेले नातेवाईक फलाटावर ओळीने भेटायला आले आहेत. हा चारशे सतरा. हा दोनशे तीन, अगंबाई, किती बुटका! शेवटी ड्रायव्हरसुद्धा विचारायला लागला, बाई, हा कितवा?

गोठेवाली पंचावन्नची, दणदणीत आवाजाची बाई होती. तिने तिघांची ओळखपत्रं नीट वाचली, मग फाटक सताड उघडलं. शेणसाहेब गाई मोजत आत गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. आले तेव्हा चेहरा बघण्यासारखा होता. गाई चाळीस नव्हत्या, एकशे साठ होत्या. मागे नवं शेड उभं होतं. त्यांनी विचारलं, एवढं वाढवलंत, कळवायचं नाही का?

"कळवलं की," गोठेवाली म्हणाली. "गेल्या वर्षीच पत्र दिलं. पोच आहे माझ्याकडे."

तिने पोच आणून दाखवली. बाईंनी ती बघितली आणि त्यांचे कान गरम झाले. सही त्यांचीच होती. पत्र त्यांना लख्ख आठवलं. पहिल्याच ओळीत दूध थंड करायच्या यंत्राचा उल्लेख होता. यंत्र म्हणजे कारखाना, असं समजून त्यांनी ते निळ्या कपाटात लावलं होतं. गाईंचा आकडा खाली, पानाच्या पार शेवटी होता. क्षणभर त्यांना वाटलं, गप्प बसावं, कोणाला कळणार आहे. पण तो क्षण गेला.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी चुकीच्या कपाटात लावलं."

एक गाय लांबलचक हंबरली. मग धूरसाहेब खाकरले, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा शेणसाहेबांकडे तोंड करून म्हणाले, "माझ्या कपाटात होतं ते. मी उघडून वाचायला हवं होतं." शेणसाहेबांनी मान हलवली. मग तेही सरळ धूरसाहेबांनाच म्हणाले, "चला, पाणी कुठे जातं ते बघू."

शेड धुतलेलं पाणी मागच्या टाकीत जात होतं. टाकी चांगली पक्की होती, आणि काठोकाठ भरलेली. ती भरल्यावर जास्तीचं पाणी एका पाइपातून पुढे जायचं, पण कुठे, ते गोठेवालीला ठाऊक नव्हतं. पाइप टाकणारा म्हणाला होता की बाई, तुम्ही काळजी करू नका. तिने केली नव्हती. त्यावर शेणसाहेबांनी बॅगेतून एक बाटली काढली. त्यात पाण्याचा माग काढायची हिरवी पूड होती; जनावरांना, माशांना काही होत नाही, नुसता रंग येतो. एक चमचा बादलीत कालवून टाकीत ओतायचा आणि हिरवं पाणी कुठे निघतं ते बघायचं. धूरसाहेब म्हणाले की हे बाईंनीच करावं, नकाशे त्यांनीच चिकटवले.

बाई बाटली घेऊन टाकीच्या काठाशी गेल्या. म्हणजे बाई गेल्या. एक बूट चिखलात मागेच राहिला. त्या हेलपाटल्या, शेणसाहेबांनी दंड धरला, धूरसाहेबांनी दुसरा दंड धरला, बाई काठावर धपकन बसल्या. वाचल्या. बाटली मात्र थोडी पूड बाईंच्या हातांवर उधळून उघडीच्या उघडी टाकीत पडली.

टाकी आधी पिवळी झाली, मग हिरवी, मग इतकी हिरवी की गोठेवालीच्या चेहऱ्यावरही ती झाक आली. शेणसाहेब शांतपणे म्हणाले की ती बाटली तीन वर्षं पुरणार होती.

तिघे धावत ओढ्यावर गेले. बाई एका बुटात आणि एका मोज्यात. पाच मिनिटं काहीच दिसलं नाही. मग कारखान्याच्या पावसाळी गटाराच्या तोंडातून एक हिरवी रेघ निघाली, जाड झाली, आणि बघता बघता सगळा ओढा हिरवागार होऊन उन्हात चमकायला लागला. आता सगळं उलगडलं. पाइप टाकणाऱ्याने जवळचं बघून शेजारच्या गटारालाच जोड दिला होता, तोही धूरसाहेब बाटल्या भरत त्या जागेच्या खाली. कारखाना खरोखर स्वच्छ होता. नणंदेची तक्रारही खरी होती.

आधी बाईंना हसू फुटलं. मग धूरसाहेबांना. शेणसाहेब तर काठावर बसले आणि डोळे पुसत राहिले. बाईंचे हात कोपरापर्यंत हिरवे झाले होते, आणि त्यांनी कपाळावरचा घाम पुसल्यामुळे कपाळही. तेवढ्यात फोन वाजला.

"वहिनी, माझी बदकं हिरवी झालीयेत."

"पाण्यात उतरली?" बाईंनी विचारलं.

"उतरली ना. हिरवं दिसलं म्हणून चौदाच्या चौदा उतरली. आता बाहेर यायचं नाव घेत नाहीत." मग तीच पुढे म्हणाली, "छान दिसतायत तशी."

ओढा शहरातून जात होता, त्यामुळे हिरवा रंगही शहरातून गेला. बाई कार्यालयात पोचल्या तेव्हा फोन खणखणत होता. प्रत्येक तक्रार लिहून घेणं हेही त्यांचंच काम. चार वाजेपर्यंत अडतीस झाल्या, आणि वहीतल्या 'कारण' या रकान्यात बाईंनी अडतीस वेळा लिहिलं, 'माझ्या हातून'. पानांवर हिरवे ठसे उमटले होते, त्यामुळे पुराव्याचा प्रश्न नव्हता.

मोठे साहेब चिडले ते पहिली दहा मिनिटं. त्यांनी रंग निरुपद्रवी असून दोन दिवसांत जाईल असं जाहीर केलं, आणि तो गेलाही. गोठेवालीला लेखी सूचना गेली, सहा आठवड्यांची मुदत मिळाली. तिने चौथ्याच आठवड्यात पाइप तोडून जास्तीच्या पाण्यासाठी दुसरी टाकी बांधली. पत्राची चूक तिची नव्हती, हे अहवालात बाईंनी स्वतः लिहिलं. कारखान्याच्या मालकाला माफीचं पत्र गेलं. निळं आणि तपकिरी कपाट मोकळं करून ओढ्यानुसार एकच यादी करायचं ठरलं, आणि ती करताना बाईंना कारखाना-गोठ्याच्या अशाच आणखी सहा शेजारजोड्या सापडल्या. धूरसाहेब आणि शेणसाहेब आता एकत्र जातात आणि जाताना सगळा वेळ भांडतात, पण एकमेकांशीच.

बाईंना महिन्यातला एक दिवस बाहेर जायची परवानगी मिळाली. पहिलाच दिवस कोंबडीची अंडी उबवण्याच्या केंद्राचा आला. सोबत शेणसाहेब होते आणि बाईंकडे काम सोपं होतं: कचरा कुठे टाकतात ते विचारायचं, पिल्लांचा आकडा नोंदीशी ताडून बघायचा. दार उघडलं आणि आत ट्रेमागून ट्रे, भिंतीपासून भिंतीपर्यंत, नुकती कवचातून निघालेली हजारो पिल्लं एकदम चिवचिवायला लागली. बाई हातात पेन्सिल घेऊन दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी मोजायला सुरुवात केली, एकवीसपर्यंत आल्या, मग एक पिल्लू ट्रेच्या कडेवरून थेट त्यांच्या फॉर्मवर येऊन बसलं, आणि बाई इतक्या हसायला लागल्या की आकडा शेवटी शेणसाहेबांनाच लिहावा लागला.