हिरवा दिवा

त्या सकाळनंतर "उतरू का?" असं विचारणारा फोन मामाला कधीच आला नाही.

मामा सांडपाण्याच्या पंपघराचा ऑपरेटर. माकडहाड मोडलं आणि प्रवास करणं, जिने चढणं बंद झालं, तेव्हा ऑफिसने त्याला घरीच कॉम्प्युटर दिला. कामात तो तसा चोख, पण घरात अगदी नकोसा वाटावा इतका. मामीने "भात झाला असेल" म्हटलं की हा विचारणार, "झालाय की असेल?" 'असेल' या शब्दाशी त्याचं काय वाकडं होतं कोण जाणे. मला लहानपणी पेपर कसा गेला विचारायचा, आणि मी "बरा गेला असेल" म्हणाले की उठून जायचा.

पंपघराच्या आवारात खोल विहीर आहे. तिच्यात गाळ साचला की पंप बंद करून फिटर कमरेला दोरी बांधून खाली उतरतो. खाली विषारी वायू असतो, तो वाढला की वास कळेनासा होतो आणि माणूस शुद्धीवर राहत नाही. विहिरीत मोजणारं यंत्र आहे, पण त्याचा आकडा फक्त ऑफिसच्या प्रोग्रॅमवर दिसतो. फिटरच्या खिशात ठेवायचं छोटं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, सहा महिने झाले, कोणी नावही काढत नव्हतं. म्हणून फिटर वरून फोन करायचा, "दाजी, उतरू का?" मामा आकडा बघायचा. दहाच्या आत असेल तर "उतर", नाहीतर "थांब". फिटर म्हणजे मामीचा धाकटा भाऊ. तिनेच त्याला वाढवलेला. सगळे त्याला धाकटाच म्हणत, चाळिशी उलटली तरी.

घरून ऑफिसच्या यंत्रणेत शिरायचं तर आधी व्हीपीएन जोडावं लागे, म्हणजे घर आणि ऑफिस यांच्यामधली बंद वाट. ती वाट दिवसातून वीस वेळा तुटायची. मग मामा चष्मा पुसणार, दोन बोटांनी सोळा अक्षरांचा पासवर्ड ठोकणार, चुकणार, पुन्हा ठोकणार. वाट जोडली की आकड्यांचा प्रोग्रॅम बंद करून नव्याने उघडणार. आणि धाकट्याचा फोन आला की वाट धड असली तरी मुद्दाम तोडून हे सगळं पहिल्यापासून करणार. धाकटा तिकडे ताटकळत उभा.

मी कॉम्प्युटरवर पोट भरणारी भाची. सुट्टीला गेले होते, ते बघून माझाच जीव वर-खाली व्हायला लागला. म्हटलं, "मामा, अर्ध्या तासाचं काम आहे." कॉम्प्युटर सुरू झाला की व्हीपीएन आपोआप जोडलं जाईल, दर तीस सेकंदांनी तपासलं जाईल, तुटलं तर पुन्हा जोडलं जाईल. पासवर्ड आत साठवून ठेवला. कोपऱ्यात एक दिवा ठेवला, जोडलेलं असलं की हिरवा.

मामाने चष्मा पुसून दिवा बघितला. म्हणाला, "तुटलं की मला कळायचं. ते बरं असतं."

"आता कळायची गरजच नाही. दिवा हिरवा असला की झालं."

हे मी हसत म्हणाले. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं, खरं सांगायचं तर.

अकरा दिवस विहिरीत उतरायची वेळ आली नाही, सगळं सुरळीत चाललं. मामा निवांत चहा प्यायला लागला. मामी म्हणाली, "पोरीने घर शांत केलं." बाराव्या दिवशी सकाळी मी बॅग भरत होते. मामी भाजी आणायला गेली होती. फोन वाजला.

"दाजी, पंप बंद केलाय. उतरू का?"

मामाचा हात सवयीने माऊसकडे गेला, वाट तोडायला. मग तो थांबला. माझ्याकडे बघून हसला, दिव्याकडे बोट दाखवलं. दिवा हिरवा होता. आकडा होता तीन.

"तीन. उतर."

त्याने फोन ठेवला. मी बॅगेची चेन ओढत होते. एवढ्यात तो म्हणाला, "हा पंप चालू कसा दाखवतोय?"

मी वळले. पडद्यावर पंपापुढे 'चालू' असं लिहिलं होतं. धाकट्याने तर बंद केला होता. मग माझ्या लक्षात आलं. वाट मध्येच कधीतरी तुटली होती आणि माझ्या शहाणपणाने ती गुपचूप जोडली गेली होती. प्रोग्रॅमला त्याचा पत्ताच नव्हता. तो तुटण्याआधीचा शेवटचा आकडा धरून बसला होता. पूर्वी वाट तुटली की मामाच तो बंद करून उघडायचा. ते कारण मीच काढून टाकलं होतं.

मामाने प्रोग्रॅम बंद केला, उघडला. पंप बंद. आकडा चौऱ्याऐंशी.

त्याने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग पंपघराच्या वॉचमनला लावला.

"धाकटा कुठंय?"

"खाली गेलाय ना, तुम्हीच सांगितलं म्हणाला."

"हाक मार त्याला. कोणीही खाली उतरायचं नाही. दोरीने ओढ."

फोन चालूच होता. तिकडून हाका ऐकू येत होत्या. पहिली, दुसरी, मग बऱ्याच. मी दुसऱ्या फोनवरून अग्निशमन दलाला पत्ता सांगत होते. वॉचमन परत आला. "दोरी ओढतोय, साहेब. जड लागतेय. ओ देत नाही तो."

दार उघडलं. मामी पिशवी घेऊन आत आली. आमच्या तोंडाकडे बघून तिथेच उभी राहिली.

"अहो, धाकट्याचा फोन का? बरा आहे ना तो?"

मामा फोन कानाला तसाच धरून होता. मला वाटलं, तो मला दोष देईल. दिला असता तर बरं झालं असतं.

"असेल," तो म्हणाला.

मामीच्या हातातली पिशवी खाली पडली.