गुड्स लिफ्टचं वाक्य

मी लिहिलेली पत्रकं दौंडमध्ये बऱ्याच घरांत सापडतील. कुठे फळीवर डब्यांखाली अंथरलेली, कुठे कोणी जपून ठेवलेली. त्यातल्या एकाही पत्रकात ही गोष्ट नाही. सभेत नाही, मैत्रिणीपाशी नाही, पप्पांपाशी तर नाहीच — आजवर ती माझ्या तोंडातून निघालेली नाही. तुमची माझी ओळख नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. की हीसुद्धा एक पळवाटच आहे? असेल. तरी सांगते.

माझे वडील रेल्वेत होते. सुट्टीच्या दिवशी आमच्या घरात पत्रकांना घड्या घालायचं काम चालायचं. मला अक्षरं लागली ती त्या कागदांवरून. एक जानेवारीला कोरेगाव भीमाला पुस्तकांच्या स्टॉलपाशी उभी राहून मी ती वाटायचे. कोणी न वाचता खाली टाकलं तर धावत जाऊन उचलायचे आणि पुन्हा त्याच माणसाच्या हातात द्यायचे. पप्पा हसून म्हणायचे, "ही पोरगी कुणाला सोडायची न्हाई."

म्हणजे लहानपणापासूनच मला खात्री होती की मी बरोबर बाजूला उभी आहे. चूक करणारे, गप्प बसणारे, मालकाच्या पुढे मान खाली घालणारे — ते सगळे समोरच्या बाजूला. इतकी खात्री असलेल्या माणसाला आरशात काय दिसतं? मला तरी काही वेगळं दिसलं नाही. बराच काळ.

इंग्रजीत एमए झाल्यावर शिरूरजवळच्या एका कारखान्यात मला वर्ग मिळाला. कंत्राटी कामगारांना बोर्ड वाचता यावेत, साहेबाशी दोन वाक्यं बोलता यावीत, एवढाच हेतू. एचआरचे साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "फक्त इंग्लिश हं मॅडम. तुमचं लिखाण मी वाचलंय." मी हसले. आत शिरायला मिळतंय हेच मोठं आहे, असं मी स्वतःला सांगितलं. एकदा आत शिरले की बघू.

दर गुरुवारी, पहिली पाळी सुटली की कॅन्टीनमध्ये वर्ग भरायचा. माझी पद्धत साधी होती. पुस्तक नाही. प्रत्येकाने आपापल्या खात्यातला एखादा बोर्ड वाचून यायचं आणि त्यातले शब्द घेऊन एक वाक्य करायचं. वाक्य चुकलं तर मी दुरुस्त करणार, फळ्यावर लिहिणार, आणि मग सगळ्यांनी ते एका सुरात म्हणायचं. त्या सुराचा मला फार अभिमान होता. घामेजलेली, थकलेली माणसं छाती भरून इंग्रजी बोलताहेत — मला वाटायचं, हीच क्रांती.

त्या गुरुवारी विषय होता नामाच्या पुढे बसणारं नाम. इंग्रजीची एक गंमत मी त्यांना दाखवत होते. एक नाम दुसऱ्या नामाचं विशेषण झालं की इंग्रजी बहुतेक वेळा त्याचं अनेकवचन काढून घेते. हत्यारं शंभर असली तरी खोली 'टूल रूम'. दात बत्तीस असले तरी 'टूथब्रश'. पण काही नामं हट्टी असतात, अनेकवचनातच पुढे येऊन बसतात — 'अकाउंट्स डिपार्टमेंट', 'सेल्स ऑफिस', 'स्पोर्ट्स डे', 'कम्प्लेंट्स बॉक्स'. आपल्या मराठीत मात्र माणसं सरळ दिसतात: कामगारांची सभा, बायकांचा डबा. मी रंगात आले होते. म्हणाले, "बघा, तुमच्या कंत्राटदाराच्या पाटीवर काय आहे? मॅनपॉवर सप्लाय. माणसं दोनशे, आणि शब्दात एकच माणूस. तोही वीज मोजावी तसा!" सगळे हसले. मला माझंच बोलणं आवडलं.

तेव्हा संपत उठला. संपत कवठे येमाईचा. आजोबांपर्यंत मेंढरं राखलेली, आता थोडी शेती आणि हा कारखाना. तोंडाळ, थट्टेखोर, वर्गाला कायम उशिरा येणारा. वरच्या मजल्यावर पॅकिंगचा माल लिफ्टमध्ये भरायचं त्याचं काम.

"म्याडम, आमच्याकडं गुड्स लिफ्ट हाय. एकच गोणी ठिवली तरी गुड्सच व्हय?"

"हो, तरी गुड्सच. 'गुड' म्हटलं तर अर्थ बदलतो. चांगली लिफ्ट होईल."

मागून कोणीतरी म्हणालं, "आन् ह्यो संपत आत बसल्यावर?"

"मंग ब्याड्स लिफ्ट!" संपतनेच उत्तर दिलं, आणि कॅन्टीन दणाणलं.

"वाक्य कर," मी म्हणाले.

तो थोडा थांबला. हसू गेलं. मग एकेक शब्द चाचपत म्हणाला, "गुड्स लिफ्ट डोअर ओपन. लिफ्ट... नॉट देअर."

माझ्या वर्गात त्याने बोललेलं हे पहिलं पूर्ण इंग्रजी. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी फळ्यावर लिहिलं, राहिलेले शब्द लाल पेनाने भरले, आणि हात वर केला. सगळ्या वर्गाने म्हटलं — द गुड्स लिफ्ट डोअर इज ओपन. द लिफ्ट इज नॉट देअर. पुन्हा. अजून मोठ्याने. द लिफ्ट इज नॉट देअर. भांडी घासणाऱ्या बायकासुद्धा वळून बघत होत्या.

तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही. माणूस सांगत होता की दार उघडतं आणि आत लिफ्ट नसते. मी ते वाक्य सुधारून गाऊन घेतलं.

वर्ग सुटल्यावर तो थांबला. "म्याडम, ते खरंच हाय बरं का. लिफ्ट खाली आसती आन् वर दार उघडतंय. पूर्वी उघडायचं न्हाई. सुपरवायझरला बोललो, तो म्हनतो बघू. तुम्ही सायबास्नी सांगा की. तुमचं ऐकत्यात."

"सांगते," मी म्हणाले.

त्याच संध्याकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सांगायलाच गेले होते. पण त्यांनीच आधी विषय काढला. वर्ग चांगला चाललाय, बाकीच्या पाळ्यांसाठीही सुरू करू, तुम्हाला कायमचं घेता येईल का बघतो. चहा आला. फक्त इंग्लिश हं मॅडम — हे ते पुन्हा म्हणाले नाहीत, म्हणायची गरज नव्हती. आज नको, पुढच्या गुरुवारी सांगू, असं मी मनात म्हटलं. पुढच्या गुरुवारी संपत दुसऱ्या पाळीला होता. समोर कोणी विचारणारा नव्हता, म्हणून मी विसरले. नाही — विसरले नाही. बाजूला ठेवलं.

मग तो सोमवार आला. संपतला सुपरवायझरने काहीतरी आणायला खाली पाठवलं होतं. उत्तर प्रदेशातून आलेला रामबरन त्याच्या जागी माल भरत होता. भरलेली ट्रॉली माणूस आपल्याकडे ओढत, पाठमोरा चालत नेतो. त्याने हात मागे करून दार सरकवलं. दार सरकलं. त्याने पाय मागे टाकला.

तो वाचला. कमरेखाली जीव राहिला नाही. त्याचा भाऊ त्याला गावी घेऊन गेला.

कंपनीने सांगितलं, लिफ्ट ठीक होती, संपत दार उघडं टाकून गेला. संपत म्हणाला, लिफ्ट नसतानाही दार उघडतं, मी आधीच सांगितलं होतं. कोणाला? सुपरवायझरला. सुपरवायझर म्हणाला, खोटं आहे. आणखी कोणाला?

"इंग्लिशच्या म्याडमला," तो म्हणाला. "सगळ्या वर्गापुढं."

मला बोलावणं आलं. लांब टेबल, एचआरचे साहेब, सेफ्टीचे साहेब, कंत्राटदाराचा माणूस. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. संपत भिंतीपाशी उभा होता. मला बघून त्याचे खांदे सैल पडले. काळजी उतरल्यावर माणूस दिसतो तसा दिसला. माझ्याबद्दल त्याच्या मनात शंका आलीच नव्हती. मी पत्रकंवाली ना!

"मॅडम, संपतने लिफ्टच्या दाराबद्दल तुमच्याकडे कधी काही सांगितलं होतं?"

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न काय आला असता? मग तुम्ही काय केलंत. साहेबांपुढे, संपतपुढे, आणि उद्या सगळ्या दौंडपुढे — मग तुम्ही काय केलंत, मॅडम? नोकरीची भीती होती. पण खरं सांगायचं तर ती दुसरी. पहिली भीती या प्रश्नाची होती.

मी म्हणाले, "वर्गात आम्ही फक्त व्याकरण शिकतो. अशी तक्रार माझ्यापर्यंत आली नाही."

'तक्रार' हा शब्द मी निवडून वापरला. ते तर उदाहरणाचं वाक्य होतं, तक्रार कुठे होती — असं स्वतःला सांगायला जागा राहावी म्हणून. आणि वर्गानंतर तो जे मराठीत बोलला होता, त्याचं काय? त्यासाठी मी कोणताच शब्द शोधला नाही. सरळ गिळून टाकलं.

संपत माझ्याकडे बघत राहिला, जरा वाकून, ऐकू न आल्यासारखा.

मग वर्गातल्या बाकीच्यांना एकेकाला बोलावलं. ज्या तोंडांनी ते वाक्य कॅन्टीनमध्ये गाजवलं होतं, ती सगळी बंद. नंतर एकजण फाटकापाशी मला म्हणाला, "तुम्हीच न्हाई म्हणल्यावर आमचं काय चालतंय म्याडम? आमी तर कंत्राटी." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो मला समजावत होता.

संपतला काढलं. कागदावर त्याचा निष्काळजीपणा, आणि गावाच्या तोंडी त्याहून वाईट — लिफ्टमधी माणूस घालवला त्यानं. रामबरनच्या भावाने जाताना त्याची गचांडी धरली होती, हे मला पुढे कळलं.

आणि मी काय केलं? पत्रक लिहिलं. हो. महिन्याभरात वर्ग सोडला, आणि त्या अपघातावर पत्रक लिहिलं. मथळा दिला: 'कोणाला माहीत होतं?' ज्यांना माहीत होतं आणि जे गप्प बसले त्यांची नावं बाहेर आली पाहिजेत, असं ठळक टाइपात छापलं. माझ्या सगळ्या लिखाणात ते पत्रक सर्वांत धारदार झालं, असं लोक म्हणतात. शिरूरच्या बाजारात मी स्वतः वाटलं. पप्पांनी ते दोनदा वाचून दाखवायला लावलं आणि डोळे पुसले.

लिहिताना कुठे अडले का? नाही. शब्द भराभर येत होते. त्याचीच मला आता जास्त भीती वाटते.

संपत सध्या राहू गावात एका गुऱ्हाळावर असतो. या हिवाळ्यात मी तिथे गेले. त्याला सगळं सांगायचं, मग तो थुंको की मारो, असं ठरवूनच गेले. कढईची वाफ सगळीकडे भरली होती. चुलवणात चिपाडं सारणारा माणूस वळला आणि तो निघाला संपत. वाळला होता. "म्याडम! बसा बसा," म्हणत त्याने पोतं अंथरलं. काकवी दिली. आपल्या मुलीला शाळेत इंग्रजी कसं जमतंय ते सांगितलं. माझं पत्रक वाचल्याचं सांगितलं. "लय भारी लिवलंय. पार सोलून काढलंय त्यास्नी."

मी बोलायला तोंड उघडलं. पण आधी तो बोलला. आगीकडे बघत, हळू.

"म्याडम, येक इचारू का? राग नका धरू. त्या दिवशी तुम्हाला खरंच आठवलं न्हाई का? का म्हंजी..."

पुढचं त्याने तसंच सोडलं.

त्याने माझ्यापुढे एक दार उघडून धरलं होतं. माझ्या चांगुलपणावरचा विश्वास मोडू नये म्हणून इतके दिवस त्यानेच ते बनवून ठेवलेलं. मी सांगायला आले होते. तो ऐकायला बसला होता. दुसरं कोणी जवळ नव्हतं.

"नाही आठवलं, संपत," मी म्हणाले.

त्याने मोठा श्वास सोडला. "मंग ठीक हाय," तो म्हणाला. "व्हतं आसं. इतकी पोरं, इतकी वाक्यं, कुठवर ध्यानात राहायचं. मला उगीच वाटत व्हतं..." आणि निघताना गुळाची एक ढेप कागदात बांधून माझ्या हातात दिली. मी घेतली.

मला आठवत होतं. संपतने सांगितलं होतं, आधी सगळ्यांसमोर, मग एकट्याने, इंग्रजीत आणि मराठीत. मी ऐकलं होतं, समजलं होतं, सांगते म्हणाले होते. चौकशीच्या खोलीत मला ते शब्दन् शब्द आठवत होतं, आणि राहूलाही.