बहात्तरची रेघ

दुधावर साय धरावी तसे आमच्या प्लांटवर किस्से जमतात. कुणाला काही करावं लागत नाही. दोन महिन्यांपूर्वी ड्युटी संपवून घरी येताना दादा मोटरसायकलवरून पडला आणि गेला, तेव्हापासून जो भेटतो तो दादाचाच एखादा किस्सा सांगतो. दूध तापवणाऱ्या मशीनवर, पाश्चरायझरवर, तो होता. आता मी आहे. वाफेत उभं राहिलं की वाटतं, पलीकडं तो नळ्या पुसतोय.

*

रेणापूरचे एक मामा दूध घालायला येत. म्हणायचे, "मशीनमधून गेलं की दुधातला दम जातो."

"दम न्हाई मामा, जंतू जातात," दादा म्हणाला.

"आमच्या म्हशीला जंतू न्हाईत."

"म्हशीला नसतील. धार कोण काढतंय?"

मामांनी हळूच हात धोतराला पुसले.

*

विष्णुपुरीहून कॉलेजची पोरं प्लांट बघायला आली. दादानं सांगितलं, दूध बहात्तर डिग्रीला पंधरा सेकंद ठेवायचं, मग लगेच गार करायचं. आजार देणारे जंतू मरतात, चव राहते.

एक पोरगी म्हणाली, "पंधराच सेकंद? माझी आई तर किती वेळ उकळत बसते."

"आईला दुधाशी बोलायचं असतं," दादा म्हणाला.

पोरांनी तेही वहीत उतरवून घेतलं.

*

एकदा वाफ कमी पडली. एक डिग्री उतरली आणि मशीननं दूध पुन्हा तापायला आपोआप मागं फिरवलं. नांदेडची गाडी खोळंबलेली. मॅनेजर तापले, "एका डिग्रीनं काय होतंय? हातानं सोड."

दादानं स्टूल पुढं ओढलं. "बसा साहेब. पहिला ग्लास तुम्ही प्या, मग सोडतो."

साहेबांना तेवढ्यात फोन आला. वाजलेला मात्र कुणी ऐकला नाही.

*

मशीनवर एक गोल कागद फिरतो. पेन त्यावर दिवसभर तापमानाची रेघ ओढतं. रोज नवा कागद, जुना फाइलला. दादा गेला त्या दिवशीचा कागद मी ओढून काढला आणि शर्टात घालून घरी नेला. दुसरं काही सुचलंच नाही. आईनं तो उशाखाली ठेवला.

मग तपासणी लागली. मॅनेजर म्हणाले, "कागद न्हाई म्हणजे त्या दिवशी दूध तापलंच न्हाई, असं लिहितील. तुझ्या दादाच्या नावावर लिहितील."

मी मागितला. आई देईना. "चल, मीच येते," म्हणाली. अहमदपूरच्या प्लांटपर्यंत एसटीत पिशवी मांडीवरून हलू दिली नाही.

"दाखवा," तपासणीचे साहेब म्हणाले.

"बघा. पण हातात देणार न्हाई."

कागद गोल, आणि तो आईच्या मांडीवर. साहेबांनी हात मागं बांधले आणि वाकून रेघ वाचत आईच्या स्टुलाभोवती सावकाश एक चक्कर पुरी केली.

"आई," ते म्हणाले, "रेघ कुठंच खाली आलेली नाही."

आईनं कागद त्यांच्यापुढं धरला.

"मग घ्या."