तळाचे आठ मासे

दाताच्या दवाखान्यात येणारा जो तो तिला आत्याच म्हणे. डॉक्टरांची ती थोरली बहीण, बिनलग्नाची, चौसष्ट वर्षांची. क्ष-किरणाच्या खोलीमागे तिची खोली आणि रुग्ण ताटकळत बसतात तिथली आठ फुटी माशांची टाकी, एवढंच तिचं राज्य. टाकीत दहा जातींचे मासे गुण्यागोविंदाने नांदत. एंजल माशांची तर ही तिसरी पिढी तिच्या हाताखाली वाढलेली. पगार कधी दिला नाही कुणी. घरचं माणूस म्हटलं की पगाराचा प्रश्नच मिटतो.

पण डॉक्टरांचा मुलगाही दाताचा डॉक्टर होऊन आला आणि त्याच्या खुर्चीला जागा हवी झाली. माप घ्यायला आलेला माणूस पलंगावर बसलेल्या आत्याला म्हणाला, "जरा पाय वर घ्या," आणि टेप खालून सरकवून मोकळा झाला.

"वन्सं, तुम्ही आता आराम करा," भावजय म्हणाली. "वृद्धाश्रमात बोलून ठेवलंय. हवेशीर आहे."

"आणि टाकी?"

"पाणी बदलेल कंपाउंडर. वर खाणं टाकायला यंत्र आणलंय. तळाला घाण खाणारे मासे सोडायचे, म्हणजे त्यांचंही भागतं आणि तळही साफ. तुम्हीच निवडून आणा, तुम्हाला कळतं त्यातलं."

"अगं, घाण खाऊन कोण जगतं? तळाच्या माशांनाही त्यांचं वेगळं खाणं लागतं."

"महिनाभर बघू. जगले तर तुम्ही सुटलात. मेले तर राहा इथेच, आमची ना नाही."

डॉक्टर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "ताई, करून तर बघ."

म्हणजे आपली जागा घेणारे मासे आत्यानेच पसंत करायचे होते.

दुकानदाराने आधी एक काळा, काचेला चिकटलेला मासा दाखवला. "हा घ्या. काच चाटून लख्ख करतो."

"दोन वर्षांत हातभर होईल. मग त्याला रुग्णाच्या खुर्चीत झोपवू?"

"बरं, हा पिवळा? काहीही खाऊन जगतो."

"लहान आहे तोवर शेवाळं खाईल. मोठा झाला की दुसऱ्या माशांच्या अंगाला तोंड लावून जिवंतपणी कातडं सोलेल. माझे एंजल चपटे, त्याला आयते सापडतील."

"आत्या, तुम्ही मासे बघताय की जावई?"

शेवटी तिने कोरी नावाचे तळाचे मासे घेतले. बोटाच्या दोन पेरांएवढे, मिशीवाले, आठ. कोरीला एकटं करमत नाही. शहाण्या बाईने इथे मरतुकडे आठ उचलले असते. हिने मिशा शाबूत, पोट गोल, असे एकेक पारखून घेतले. वर टाकीतली टोकेरी रंगीत खडी काढून बारीक वाळू घातली, का तर मिशा झिजू नयेत. आता या बाईला काय म्हणावं!

तीन दिवस ती हाताची घडी घालून बसली. यंत्रातून पडलेलं खाणं वरचे मासे वरच्यावर मटकावत. खाली कोरी वाळूत तोंड खुपसून नुसतेच फिरत. चौथ्या दिवशी एकाचं पोट खपाटीला गेलेलं तिला दिसलं. चारच आठवडे गप्प बसायचं होतं. पाचव्या दुपारी, दवाखाना बंद असताना, तिने कपाटातून पाण्यात बुडणाऱ्या खाण्याच्या गोळ्यांची बाटली काढली, प्लास्टिकची नळी तळापर्यंत घातली आणि तिच्यातून एकेक गोळी सोडली. मग रोजच सोडू लागली. एकदा डॉक्टर विसरलेला चष्मा न्यायला आले. नळी बघितली, बाटली बघितली, "जेवलीस का?" विचारलं आणि गेले.

महिना संपला. भावजयीने काचेवर बोट टेकवून मोजले. "सात... आठ! आणि कसे गुबगुबीत! वन्सं, उगाच घाबरवत होतात हो."

"मी घालत होते खायला. ही बघ बाटली."

"आता काहीतरी बोलायचं म्हणून बोलताय," भावजय हसली. कंपाउंडरही हसला.

आत्याने भावाकडे पाहिलं. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"ताई," तो म्हणाला, "गाडी सकाळी दहाला येईल."

दोन महिन्यांनी वृद्धाश्रमाच्या कचेरीत तिला फोनवर बोलावलं. भावजय होती. कशा आहात वगैरे काही नाही. "वन्सं, ते आठही मेले हो. तुमची निवडच नाजूक. आता जरा दणकट काहीतरी सांगा, स्वतःचं स्वतः बघणारं."

आत्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"त्याच दुकानात पिवळा मिळेल. काहीही खाऊन जगतो. चांगले चार आण."

"एंजलांशी जमेल ना त्याचं?"

"जमेल की."

"तरी हे म्हणालेच, ताईला विचार."

आत्याने फोन ठेवला. जेवणाची घंटा झाली होती. इथे आल्यापासून ती ताटातलं निम्मं टाकत असे. त्या दिवशी तिने सगळं संपवलं आणि वाढणारणीला थांबवून पुन्हा वाढून घेतलं.