ऋतुजाची मॅच आणि गावाचं नेट

विजयमाला ग्रामपंचायतीत संगणकचालक म्हणून लागली, त्याला नऊ वर्षं झाली. आष्टीपासून अकरा किलोमीटरवरच्या त्या गावात सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पेन्शनवाल्यांची हयातीची नोंद, सगळं तिच्याच टेबलावरून जायचं. कुणाचा अंगठा मशीनवर उठत नाही, कुणाचा ओटीपी पुण्यातल्या मुलाच्या मोबाईलवर जातो, हे तिला तोंडपाठ होतं. कामाला ती मागं हटत नसे. पण 'फुकट' हा शब्द ऐकला की तिच्या कपाळाला आठी पडायची. मोबाईलवर जे दिसतं ते फुकट, आणि ते लावून द्यायला बसलेली विजयमालाही फुकट, अशी गावाची समजूतच होती.

त्या फेब्रुवारीत मेंढपाळ हरिबा आणि साखराबाईची मुलगी ऋतुजा बीड जिल्ह्याच्या कबड्डी संघात निवडली गेली आणि संघ थेट राज्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. सामना सांगलीला होता. मेंढ्या व्यायला झाल्या होत्या, त्यामुळे आईबापाला जाणं शक्य नव्हतं. साखराबाईचा भाऊ तात्याबा तेवढा गेला.

शुक्रवारी सरपंच विजयसिंह ऑफिसात आले. मॅच मोबाईलवर लाईव्ह दिसणार असल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. रविवारी चार वाजता शाळेच्या व्हरांड्यात पडदा लावून सगळ्या गावाला दाखवायचं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

"फुकट तर हाय, ताई," ते म्हणाले. "तुमाला फकस्त चालू करायचंय."

शनिवारी सुट्टी असून विजयमाला शाळेचा प्रोजेक्टर घेऊन बसली. मॅच दाखवणारं अ‍ॅप उघडलं, नंबर टाकला, ओटीपी आला, मोबाईलवर चित्रही आलं. वायर जोडून पडद्यावर घ्यायला गेली, तर नुसता आवाज आणि काळा पडदा. बारीक अक्षरात लिहिलेलं तिनं चष्मा लावून वाचलं. फुकट बघायचं तर मोबाईलवरच, मोठ्या पडद्यासाठी वर्गणी.

ग्रामपंचायतीचा शिपाई धुळाजी म्हणाला, त्याच्याकडं एक लिंक आहे, शेजारच्या कडा गावात सगळे त्याच्यावरच बघतात. त्यानं ती आपल्या मोबाईलवर उघडली. आधी पाच जाहिराती आल्या, मग त्या पानानं एक अ‍ॅप घ्यायला सांगितलं, मग त्या अ‍ॅपनं फोनमधले सगळे मेसेज वाचायची परवानगी मागितली. धुळाजीचं बोट 'होय'वर जाणार, तेवढ्यात विजयमालानं फोन ओढून घेतला. बँकेचे ओटीपी याच फोनवर येतात ना, असं विचारत तिनं ते सगळं काढून टाकलं. धुळाजी दुपारभर तोंड फुगवून बसला.

संध्याकाळी तिला एकदाचा मार्ग सापडला. स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेचं स्वतःचं चॅनल होतं, ते कुठल्याही पडद्यावर चालत होतं. प्रश्न उरला नेटचा. रस्त्याच्या खोदकामात ऑफिसची लाईन महिन्यापूर्वीच तुटलेली, म्हणजे तिच्या मोबाईलचं दिवसाचं दीड जीबी, तेवढंच. तिनं सरपंचांना नीट समजावलं. टॉवर एक, सगळ्यांनी एकदम उघडलं तर कुणालाच दिसणार नाही. तेव्हा मॅच एकाच फोनवर लावायची, बाकीच्यांनी नेट बंद ठेवायचं. सरपंचांनी मान डोलावली आणि घरी जाऊन गावाच्या ग्रुपवर त्या चॅनलची लिंक टाकली. खाली लिहिलं, घरबसल्या बघा.

रविवारी साडेतीनलाच व्हरांडा भरला. हरिबा आणि साखराबाईला सरपंचांनी पुढं खुर्च्या दिल्या. चार वाजता चॅनल सुरू झालं खरं, पण मॅच कुठली! पाहुणे, शाली, नारळ, भाषणं. पावणेसहापर्यंत तेच चाललं होतं आणि विजयमालाचं निम्मं नेट त्यातच गेलं.

शेवटी मुली मैदानात उतरल्या. ऋतुजा चढाईला निघाली, हात पुढं केला आणि तशीच थांबली. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. आपल्याकडं दिसतंय का बघायला माणसांनी आपापले फोन काढले, तसं पडद्यावरचं अजूनच अडकलं. विजयमाला हात जोडून सांगत होती, फोन बंद करा. प्रत्येकजण शेजाऱ्याकडं बघत होता. चित्र हललं तेव्हा ऋतुजा बाद होऊन बाहेर बसली होती. कशी बाद झाली, कुणालाच दिसलं नाही.

मध्यंतरात दीड जीबी संपलं. धुळाजीच्या फोनचं नेट जोडेपर्यंत पाच-सहा मिनिटं गेली, आणि जिथं थांबलं होतं तिथूनच मॅच पुढं सुरू झाली, म्हणजे सांगलीच्या तेवढीच मागं. बीड एका गुणानं पुढं, चार मिनिटं बाकी, सगळे पुढं सरकलेले, आणि हरिबाचा फोन वाजला. तात्याबाचा होता. हरिबानं ऐकून घेतलं आणि फोन खिशात ठेवला.

"दोन गुणांनी गेली," तो म्हणाला.

पडद्यावर बीड अजून पुढंच होतं. पण माणसं उठली, चपला शोधायला लागली. वायर गुंडाळणाऱ्या विजयमालाजवळ येऊन सरपंच म्हणाले की आधी नीट करून बघायला पाहिजे होतं. तिनं वायर खाली ठेवली.

"फुकट काहीच नव्हतं, सरपंच. नेट माझं गेलं, शनिवार-रविवार माझा गेला. तुमी ती लिंक ग्रुपवर काहून टाकली, तेवढं सांगा."

गावासाठीच केलं ना, असं काहीतरी पुटपुटून ते एका लग्नाला निघून गेले.

सोमवारी अकराला साखराबाई ऑफिसच्या दारात उभी. टेबलावर पेन्शनचे कागद साचलेले, विजयमालाचं डोकं कालपासून तापलेलं.

"ताई, काल जे दिसलं न्हाई, ते कुठं गेलं?"

विजयमाला तिला परत पाठवणार होती, पण त्या प्रश्नानं तिचा हात थांबला. तिनं शोधलं, तर अख्खी मॅच चॅनलवर पडलेली. सकाळी टॉवरवर गर्दी नव्हती, चित्र न अडकता चाललं. तिनं साखराबाईला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. ऋतुजा एका चढाईत दोघींना बाद करून आली, ते साखराबाईनं तीनदा मागं घ्यायला लावलं. बाहेर रांग वाढत होती.

शेवटची मिनिटं आली तेव्हा विजयमालानं बंद करू का म्हणून विचारलं.

"न्हाई, ऱ्हाऊ द्या. पडल्यावर कशी उठती, ते बघायचंय."

शेवटच्या चढाईत चौघींनी ऋतुजाला दाबून धरलं. शिट्टी झाली. ती उठली, गुडघे झटकले आणि जिंकलेल्या मुलींच्या हातात हात देत बाहेर गेली. साखराबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि ती उठली.

ती दारातून गेली, तोच धुळाजीनं डोकं आत घातलं. बुधवारी क्रिकेट आहे, पडदा शाळेत तसाच आहे, लावता येईल का? विजयमालानं त्याच्याकडं न बघता रांगेतल्या पुढच्या माणसाला आत बोलावलं.