इंजिनावरच्या अक्षता

ते इंजिन माझ्यामुळे जळालं, असं आमच्या घरात आजही सांगतात. रागावून नाही, हसत हसत. लग्नकार्याला चार माणसं जमली की कुणीतरी विषय काढतंच, आणि मग सगळे माझ्याकडे बघून हसतात. त्या हसण्याने माझं डोकं अजूनही फिरतं. इतकी वर्षं मी ऐकून घेतलं. आता बास झालं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही अंबरनाथला राहायचो. बाबा तिथल्या एका केमिकल कंपनीत ऑफिसर होते. कंपनीचे मोठे साहेब नोकरी सोडून परदेशी निघाले, तेव्हा त्यांच्या बंगल्यामागे ताडपत्रीखाली सडत पडलेली गाडी बाबांनी घरी ओढून आणली. विलायती स्पोर्ट्स कार, दोन सीटांची, छप्पर मागे दुमडणारी. इंजिन पार जाम झालेलं. आईने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "घरात माणसं तीन आणि सीटा दोन. तिसऱ्याने मागून पळत यायचं का?" बाबा खूप हसले. मीही हसले.

मी तेव्हा अकरावी सायन्स संपवून सुट्टीत होते. लहानपणापासून बाबांच्या स्कूटरला मीच पाना लावत आले होते. मला मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं होतं, आणि आमच्या सगळ्या गोतावळ्यात हे ऐकून न दचकणारे एकटे बाबा होते. ते म्हणाले, "आपण दोघं मिळून हे इंजिन खोलू. दिवाळीच्या पाडव्याला गाडी रस्त्यावर आली, तर बारावीनंतर तू मेकॅनिकलला. मग मी कुणाचं ऐकणार नाही." कुणाचं म्हणजे आत्याचं. बदलापूरला राहणाऱ्या या थोरल्या बहिणीने आईविना वाढलेल्या बाबांना लहानाचं मोठं केलं होतं. तिच्यासमोर बाबांचा आवाज निघत नसे. तिचं मत होतं की मुलीने सोपं काहीतरी शिकावं आणि तिला वेळेत उजवावं.

झालं, इंजिन घराच्या मागच्या पडवीत आलं. चुका पहिल्या दिवसापासून सुरू झाल्या. बाबांनी उत्साहात कनेक्टिंग रॉड खोलले आणि त्यांच्या खालच्या अर्धगोल टोप्या एकाच टबात रॉकेलमध्ये टाकल्या. कुठली टोपी कुठल्या रॉडची, याचा पत्ता नाही. नशीब, त्यांच्यावर आकडे कोरलेले होते, म्हणून जुळवता आल्या. मी पिस्टनच्या रिंगा उलट्या चढवल्या आणि मॅन्युअल पुन्हा वाचताना लक्षात आलं तेव्हा सगळ्या उतरवून सुलट्या केल्या. एक त्यात मोडली. बोल्ट मी वेगवेगळ्या फराळाच्या डब्यांत ठेवले होते, प्रत्येकावर चिठ्ठी लावून. गणपतीत आईला डबे लागले, तर तिने सगळे बोल्ट एका बादलीत ओतून डबे घासून टाकले. मी इतकी भांडले की शेजारीण विचारायला आली.

पण या चुका सुधारता येत होत्या, आणि सुधारल्या. त्यांचा राग मला आता येत नाही.

मोडलेल्या रिंगेसाठी आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथले सिंधी मालक साईज विचारत, मी सांगत होते, आणि ते उत्तर ऐकून पुढचा प्रश्न बाबांना करत. "साईं, बोअर कराया है क्या?" मी म्हणाले, नाही, फक्त होनिंग केलंय, आतून हलकं घासून घेतलंय. ते बाबांकडे बघून म्हणाले, "अच्छा, फिर स्टँडर्ड ही चलेगी. बेबी को कुछ ठंडा पिलाओ." बाबांनी मला थम्सअप दिलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "मनावर घेऊ नकोस, तुला येतं हे मला माहीत आहे ना?" ते एवढं म्हणाले की माझा राग उतरायचा. त्या वयात मला एवढं पुरत होतं.

दसऱ्यापर्यंत क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, बसला. ब्लॉक टेबलावर उलटा ठेवलेला, त्यात क्रँक आपल्या जागी आडवा, आणि त्याला वरून धरणाऱ्या बेअरिंगच्या टोप्या अजून लावायच्या होत्या. क्रँकच्या अंगात तेल वाहायला बारीक भोकं असतात. त्यातून तेल पुढे रॉडच्या बेअरिंगला जातं; ते अडलं की बेअरिंग जळतं. ती भोकं त्या दिवशी आकाशाकडे तोंड करून उघडी होती. म्हणून मी आदल्या दिवशी सगळ्यावर जुनी धुतलेली चादर घातली, चारी बाजूंनी खोचली आणि घरात बजावून सांगितलं की पूजा करायची तर चादरीवरूनच करा.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. बाबांचे पाने, आईची विळी, सुरी, स्कूटर, आणि त्या वर्षी इंजिन. आत्या बदलापूरहून आली. तिने पूजेचं ताट घेतलं, पडवीत गेली आणि चादर बघून थांबली.

"अगो, ह्याला मयतासारखं झाकलंस कशाला?" ती म्हणाली. "देवाला दिसाया नको, कसली पूजा हाय ती?"

मी म्हणाले, "आत्या, आत धूळ जाते. वरून फूल ठेव."

आत्या माझ्याशी बोललीच नाही. तिने बाबांकडे पाहिलं. आणि बाबांनी, ज्यांना त्या भोकांचं काम माझ्याइतकंच माहीत होतं, चादरीचं टोक धरलं आणि ती ओढून काढली.

हळद, कुंकू, झेंडूची फुलं, आणि मग अक्षता. आत्याने टाकल्या, आईने टाकल्या, शेजारपाजारच्यांनी मुठी भरभरून टाकल्या. कुंकवाने लाल झालेले तांदळाचे दाणे क्रँकवर उडत होते, आणि मी भिंतीला टेकून उभी होते. ओरडायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मी ओरडले. "शुभकार्यात तोंड वाकडं करायचं नाही," असं आत्या म्हणाली आणि बाबा म्हणाले, "जाऊ दे गं, काढू नंतर."

पाहुणे गेल्यावर मी चिमट्याने दाणे वेचले. वरचे सगळे निघाले. भोकांत किती गेले ते कळायला मार्ग नव्हता. मी बाबांना म्हणाले, क्रँक बाहेर काढू, कॅम्प चारला नेऊन हवेच्या प्रेशरने सगळी भोकं साफ करून आणू. ते म्हणाले, पाडवा तोंडावर आलाय. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाले. ते म्हणाले, "देवाच्या अक्षतांनी कुणाचं वाईट झालंय का आजवर?" कंपनीत रिअॅक्टरच्या पाइपात कचरा गेला तर हाच माणूस अख्खा प्लांट बंद ठेवायचा. त्या संध्याकाळी मी क्लासहून आले, तर बाबांनी टोप्या बसवून आवळूनही टाकल्या होत्या. "बघ, काम पुढे सरकवलं," म्हणाले.

मला तेव्हाच ते पुन्हा खोलायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा इतका खुशीत होता की मी पुढचं काम, इंजिनाचं हेड, हातात घेतलं. हेडचं गॅस्केट मी आधी उलटं ठेवलं, पाण्याचा मार्ग बंद होतोय हे दिसल्यावर फिरवलं. बाकी सगळं चोख जमलं. पाडव्याच्या सकाळी गाडी सुरू झाली. तो आवाज! मी आणि बाबांनी एकमेकांना मिठी मारली. आई रडली. मला वाटलं, झालं, मी इंजिनिअर झाले.

आत्या आलीच होती. बाबांनी तिच्यासाठी दार उघडलं. "चल ताई, तुला बदलापूरला घरी सोडतो." दोन सीटा. मी फाटकापाशी उभी राहिले, हातावरचं ग्रीस पुसत. बाबांनी काच खाली करून सांगितलं, "पुढची फेरी तुझी."

गाडी दिसेनाशी झाली. बराच वेळ झाला तरी बाबा परत आले नाहीत, तेव्हा मी सायकल काढली. बदलापूरच्या रस्त्याला, वस्ती संपते तिथे गर्दी दिसली. बॉनेट उघडं होतं आणि जळक्या तेलाचा वास येत होता. आत्या रस्त्याकडेला पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. गर्दीत बाबांच्या कंपनीचे दोन-तीन लोकही होते. त्यांतल्या एकाने विचारलं, "काय झालं साहेब?"

बाबांनी मला येताना पाहिलं होतं. माझ्याकडे बघूनच ते म्हणाले, "काय होणार! पोरीचा हात लागलाय ना. कुठेतरी बोल्ट ढिला राहिला असेल."

लोक हसले. आत्या म्हणाली, "मी सांगत व्हते. पोरीच्या जातीचं काम नाय ते." बाबांनी मान हलवली, हो म्हणून.

मी सायकल वळवली आणि घरी आले.

गाडी ओढून आणली, आणि दिवाळीची सुट्टी संपायच्या आत मी एकटीने इंजिन पुन्हा खोललं. बोल्ट सगळे घट्ट होते. एका रॉडचं बेअरिंग वितळून क्रँकला चिकटलं होतं. त्याच्याकडे तेल नेणाऱ्या भोकात मी तार घातली, तर आतून तांदूळ निघाला. दोन-तीन दाणे, तेलाने काळपट, पण एकावर अजून कुंकू होतं.

मी ते तळहातावर घेऊन बाबांसमोर धरले. त्यांनी बघितलं. मग एकेक करून उचलले, रुमालाने पुसले आणि म्हणाले, "ताईला सांगू नकोस. तिला लागेल."

"आणि माझं मेकॅनिकल?"

"चारचौघांत बोलून गेलोय गं मी," ते म्हणाले. "आता कसं फिरवायचं?"

मग ते देवघरापाशी गेले, कागदाची पुडी केली, दाणे तिच्यात बांधले आणि देवांच्या मागे ठेवले. अक्षता कचऱ्यात टाकू नयेत म्हणून. मी उल्हासनगरच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं, मग बँकेत लागले. गाडी भंगारात गेली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बाबा गेले. दिवसकार्य झाल्यावर मी आणि आई देवघर आवरत होतो, तेव्हा देवांच्या मागे ती पुडी हाताला लागली. आईने उघडली, म्हणाली, "अगं, कुठल्यातरी पूजेच्या अक्षता दिसतायत." मी तिच्या हातातून पुडी घेतली, स्वयंपाकघरात गेले आणि कचऱ्याच्या डब्यात झटकली.

"अगं, अक्षता आहेत त्या!" आई मागून ओरडली.

"माहीत आहे," मी म्हणाले, आणि डब्याचं झाकण लावलं.